पाऊणकी

सासऱ्यांच्या जुन्या मांगरात एका वाशाला पिवळ्या रंगाची, दोन सीटची कयाक टांगलेली आहे. शेजारच्या खांबाला खिळा, आणि खिळ्याला उर्दू कॅलेंडर. ते कापडाच्या दुकानात फुकट मिळतं तसलं. नमाजच्या वेळा, चांदाच्या तारखा, खाली दुकानाचा फोन नंबर. या दोन वस्तूंवर आमचा रविवार चालतो. गेली तीन वर्षं तरी चालतोय.

गाव खाडीकाठचं. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते, तिथून वर जी खाडी शिरते ती भाट्याची खाडी. एका बाजूला राजिवडा, पलीकडे भाट्ये, मध्ये पूल. उंचावर थिबा पॅलेस. माझ्या मिस्टरांचं बालपण या खाडीत गेलं. सासरे मचव्यावर तांडेल होते. पोरगा पाण्यात जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला आयटीआयला घातलं, एसीचं काम शिकायला लावलं, आणि पोरगा शिकला तसा कुवेतला गेला. आमचा निकाह 2002 चा. ते कायमचे परत आले 2021 मध्ये. मी मराठीची शिक्षिका असले तरी हिशोब मला जमतो. आधी दोन वर्षांनी दोन महिने, नंतर कंपनी बदलल्यावर वर्षाला चाळीस दिवस. एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली राहिलो ते जेमतेम दोन वर्षं.

आखातातून माणूस परत आला की आमच्याकडे सगळे विचारतात, आता काय करणार? दुकान टाकणार, रिक्षा घेणार, की आंब्याचं बघणार? यांनी पहिलं वर्ष काहीच केलं नाही. लोकांचे एसी दुरुस्त करायला जायचे, पण मनापासून नाही. घरात त्यांना कुठल्या खोलीत बसायचं तेच कळायचं नाही. मी शाळेतून आले की उठून उभे राहायचे, जसं काही मी पाहुणी आले आहे, किंवा ते. मुलगी पुण्याला शिकायला गेली. मग तर घरात दोनच माणसं उरली आणि तीसुद्धा फोनवर बोलायची सवय असलेली. समोरासमोर आम्हाला विषयच सुचायचे नाहीत. फोनवर बरं असतं. कार्ड संपत आलंय म्हणून भराभर बोलायचं.

2022 च्या पावसानंतर एका किनाऱ्यावरच्या बोटवाल्याने धंदा बंद केला आणि सामान विकायला काढलं. हे गेले होते त्याच्या घरचा एसी बघायला, परत आले ते टेम्पोत कयाक घालून. अकरा हजार रुपये, दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेटं. एका जॅकेटची चेन तुटलेली. मी दारात उभी. म्हटलं, "हे कोणासाठी?"

"दोन सीट आहेत," एवढंच म्हणाले.

माझ्या सासूबाई ओसरीवर मटार सोलत होत्या. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगा खाडी सोडावा म्हणून आम्ही शाळा शिकवली. आता शिकलेली सून पण खाडीत चालली." (घरात आम्ही कोकणी बोलतो, आमची मुसलमानी कोकणी. इथं सगळं मराठीत लिहिते आहे, नाहीतर निम्मे वाचक म्हणतील की टीचरचं व्याकरण कच्चं आहे.)

मला पोहता येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही. जॅकेट घालून तरंगता येतं, तेवढंच. कपड्यांचाही प्रश्न होता. ओढणी पाण्यात पडून जड होते आणि वल्ह्यात गुंडाळते, हे पहिल्याच दिवशी कळलं. आता मी जाड कापडाचा लांब बाह्यांचा कुर्ता घालते आणि स्कार्फ पिना लावून जॅकेटच्या आत खोचते. काठावर सुरुवातीला पोरं जमायची. त्यांतली दोन माझ्याच आठवीच्या वर्गातली. सोमवारी वर्गात कुणीतरी फळ्यावर होडी काढून ठेवली होती. मी ती पुसली नाही, तिच्याखाली "होडी – स्त्रीलिंगी" असं लिहिलं आणि धडा सुरू केला.

दोघांच्या कयाकचं गणित असं असतं की पुढे बसणारा लय देतो आणि मागे बसणारा दिशा. पुढच्याने डावं मारलं की मागच्यानेही डावं मारायचं. नाहीतर वल्ह्यावर वल्हं आपटतं आणि होडी जागच्या जागी भोवरा घेते. सुकाणू नसतं, मागचा माणूस हेच सुकाणू. वजनदार माणूस मागे बसवायचा म्हणून हे मागे, मी पुढे. पहिले चार रविवार आम्ही खाडीत गोल गोल फिरलो. मला मागचं काही दिसत नाही, फक्त आवाज येतो, "डावं. डावं गं. आता थांब." त्यांना माझी पाठ दिसते. एकोणीस वर्षं मला या माणसाचा आवाजच ठाऊक होता. त्यामुळे मला ही व्यवस्था सोयीचीच वाटली. ते मागून बोलायचे आणि मी पाण्याकडे बघून उत्तर द्यायचे. घरात जे दोन वाक्यांत संपायचं ते खाडीत दोन तास पुरायला लागलं. मुलीची फी, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं, कुवेतमधल्या खोलीतला बिहारचा एक जण, जो रोज रात्री पीठ मळताना गायचा. त्या माणसाबद्दल मी एकोणीस वर्षांत एक शब्द ऐकला नव्हता. तो सहा वर्षं यांच्याच खोलीत होता म्हणे.

खाडी म्हणजे तळं नव्हे. पाणी कधी चढतं, कधी उतरतं हे कळल्याशिवाय तिथं जाता येत नाही. सासऱ्यांची पद्धत होती तिथीच्या पाऊणकीची. जुन्या पिढीने पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेली असते. तिथीची पाऊणकी करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चाराची पाऊणकी तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पंधरवडा उलटला की पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा तास मागेपुढे होतो, खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा पोचतं, पण एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मचवे चालले. भरतीची वेळ रोज साधारण 48 मिनिटांनी पुढे सरकते, तोच हा पाऊण तास.

आता सासरे काही पंचांग बघत नसत. ते चांदाची तारीख घ्यायचे आणि तिच्यात एक मिळवायचे. अमावास्येनंतर चंद्र डोळ्यांना दिसेपर्यंत एखादा दिवस जातो, आणि दिसला की दुसऱ्या दिवशी आमची पहिली तारीख. म्हणून चांद एक म्हणजे तिथी दोन. चांद तीन म्हणजे चतुर्थी. शेजारच्या भंडारी तांडेलाची चतुर्थी आणि सासऱ्यांची तीन तारीख, दोघांचे मचवे एकाच वेळी सुटायचे. हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतः सांगितलं होतं, मी बीएड झालेली आहे म्हणून माझी परीक्षा घेत घेत. मला पाऊणकी येत होती याचा त्यांना फार आनंद झाला होता.

यातून आमचे दोन प्रकारचे रविवार तयार झाले. सात दिवसांत भरती साडेपाच-सहा तास सरकते, म्हणजे या रविवारी दुपारी बारा-एकला भरती असेल तर पुढच्या रविवारी सहा-सातच्या सुमारास. पहिला उधाणाचा रविवार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं. सकाळी नऊला चढत्या पाण्यावर बसायचं, खाडी स्वतःच तुम्हाला वर नेते, आणि दुपारी उतरत्या पाण्याबरोबर परत. दुसरा भांगाचा रविवार. पाण्याला ओढ कमी, मुळुमुळु. तेव्हा आम्ही असरची नमाज पढून निघतो आणि मगरिबच्या आत काठाला लागतो. मला भांगाचे रविवार जास्त आवडतात. यांना अर्थातच उधाणाचे.

कुवेतची सुट्टी शुक्रवारची, हेही सांगायला हवं. पहिलं वर्षभर त्यांना रविवार सुट्टीचा वाटायचाच नाही. रविवारी सकाळी सहाला उठून अंगणात चपला घालून उभे राहायचे.

खाडीतून शहर वेगळंच दिसतं. थिबा पॅलेसच्या खालून जाताना मी दर वेळी वर बघते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, 1885 मध्ये इंग्रजांनी गादीवरून उतरवला आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवला. हा राजवाडा 1910 च्या सुमारास तयार झाला आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. तीस वर्षं परदेशात. मी एकदा म्हटलं, "तुमच्यापेक्षा अकरा वर्षं जास्त." मागून उत्तर आलं, "त्याची बायको बरोबर होती." मग बराच वेळ दोघांपैकी कुणी बोललं नाही.

आत, कांदळवनात शिरलं की आवाज बदलतो. चिपीच्या झाडांची मुळं चिखलातून वर आलेली असतात, हजारो पेन्सिली उभ्या केल्यासारखी. श्वास घ्यायला वर येतात ती. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. आम्ही लहानपणी तिला जळण म्हणायचो. खंड्या, बगळे, पाणकावळा पंख वाळवत बसलेला. कधी एखादी घार अगदी डोक्यावरून जाते. मुळांवर कालवं चिकटलेली, हात लागला की कापतो. वर चिपळूणकडे, वाशिष्ठीच्या खाडीत, मगरी आहेत. तिथं लोक होडीतून मगरी बघायला जातात. मला तिथली आमंत्रणं आली आहेत. मी नम्रपणे नाही म्हणते. आणि आम्ही भाट्याच्या पुलाखालून बाहेर, समुद्राच्या तोंडाशी कधी जात नाही. तिथं वाळू आणि गाळ साठून पाणी उथळ झालंय, लाटा अवेळी फुटतात. मच्छीमारांच्या मोठ्या होड्या तिथं उलटतात, आमच्या अकरा हजारांच्या प्लॅस्टिकची काय कथा.

वर्गात दर वर्षी एक शब्द अडतो. उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, फारसीतून आलेला. दर वर्षी कुणी ना कुणी पेपरात "दर्या डोंगरातून उगम पावतो" असं लिहितं आणि मला गुण कापावे लागतात. खाडीत मात्र पोराचं चुकलं म्हणता येत नाही. चढत्या पाण्यात ती दर्या असते, उतरत्या पाण्यात दरिया. तसा नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आणि सुकाणू अरबीवरून आलेलं आहे. हे मी एकदा कयाकमध्ये सांगायला लागले तर मागून आवाज आला, "टीचर, आज रविवार आहे."

आता तो दुसरा रविवार सांगते, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. महिना जमादिउल अव्वल. सकाळी हे मांगरात कॅलेंडरसमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "चांद तीन. अधिक एक, चार. चाराची पाऊणकी तीन. तीनला भर. बाराला निघू, वर जेवू, तीनपर्यंत मजेत, मग पाण्याबरोबर खाली." वडिलांच्या सुरात म्हणाले. फार खूश होते. मोबाईलवर भरतीच्या वेळा मिळतात, मी तसं पूर्वी सुचवलंही होतं. "ते मुंबईचं असतं," असं सांगून त्यांनी विषय संपवला होता.

मी डबा भरत होते आणि मला माहीत होतं की चांद तीन नाही, दोन आहे.

मला माहीत होतं कारण शुक्रवारी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते आणि समुद्राच्या बाजूला चांद दिसला होता. केसाइतका बारीक. पहिलाच होता तो, दुसऱ्या दिवसाचा एवढा बारीक नसतो. छापलेल्या कॅलेंडरात एका दिवसाची चूक नेहमीच असू शकते. ते वर्षभर आधी हिशोबाने छापतात, चांद नंतर दिसतो. रमजानचा, ईदचा चांद सगळा गाव बघतो, मशिदीतून सांगतात, मग लोक कॅलेंडरवर पेनाने दुरुस्ती करतात. जमादिउल अव्वलचा चांद कोण बघतं? शनिवारी एक, रविवारी दोन. दोन अधिक एक तीन. तिनाची पाऊणकी सव्वादोन.

हे सगळं मनात झालं आणि मी बोलले नाही. डब्याचं झाकण लावलं आणि चला म्हटलं.

वर पोचलो तेव्हा पाणी काठोकाठ होतं. एका करंजाच्या झाडाखाली होडी बांधली. खाडीच्या पाण्याने वजू केला, खारं पाणी असलं तरी वजूला चालतं. जोहर पढली, जेवलो, हे थोडे आडवे झाले. पावणेतीनला मी पाण्याकडे बघितलं तर एक वाळकं पान तरंगत समुद्राच्या दिशेने चाललं होतं. पाणी फिरलं होतं. मी म्हटलं, "निघूया का?"

"अजून पाव तास चढेल. ती आतली फांदी बघून येऊ."

आतली फांदी म्हणजे खाडीचा एक अरुंद फाटा, कांदळात शिरलेला. त्याच्या तोंडाशी गाळाचा उंबरठा आहे, भरतीत गुडघाभर पाण्याखाली असतो. आम्ही त्याच्यावरून सहज आत गेलो. आत इतकं शांत होतं की मी वल्हं मांडीवर ठेवलं. एक खेकडा मुळावर चढत होता, त्याच्या ओल्या पाठीवर ऊन. आम्ही खूप वेळ त्याला बघत बसलो. मुळावर पाण्याची ओली रेघ दिसत होती आणि ती रेघ पाण्यापासून वीतभर वर होती. तेही मी बघितलं. तरी बोलले नाही.

परत फिरलो तेव्हा उंबरठ्यावर चिखल चमकत होता. पाणी नव्हतं. ओहोटी पहिल्या तासात आळशी असते, मग मधल्या तासांत पिसाटते. उधाणाचे दिवस. होडी चिखलात रुतून बसली. पलीकडे वीस-पंचवीस पावलांवर मोठ्या खाडीचं पाणी दिसत होतं. पुढची भरती मध्यरात्रीनंतर.

हे खाली उतरले आणि मांडीपर्यंत गेले. एक सँडल तिथंच राहिली, अजून आहे. मी उतरले, मीही तेवढीच गेले. आणि मग, चिखलात उभं राहून, आम्ही लग्नानंतरचं पहिलं खरं भांडण केलं.

"कॅलेंडरात तीन आहे," हे म्हणाले.

"आज दोन आहे. शुक्रवारी चांद दिसला. मी बघितला."

"तू बघितलास? मग सकाळी का नाही बोललीस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चांगलं नव्हतं. मी नाही बोलले, कारण एकोणीस वर्षं मी बोलले नव्हते. चाळीस दिवसांसाठी आलेल्या माणसाला कुणी चूक दाखवत नाही. भाजीवाल्याला जास्त पैसे दिले तरी चालतं, नळ उलटा बसवला तरी चालतं, मुलीला चुकीच्या इयत्तेचं पुस्तक आणलं तरी चालतं. ते गेल्यावर मी नळ सरळ करून घ्यायचे, पुस्तक बदलून आणायचे. पाहुण्याचा मान असतो तो. त्यांना येऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी अजून ते गेल्यावर दुरुस्त करू म्हणून थांबले होते.

यातलं मी काय काय बोलले ते मला आता नीट आठवत नाही. बरंच बोलले. मोठ्याने बोलले. ईदचंही काढलं. आखातात ईद बहुतेक आपल्या एक दिवस आधी होते. दर वर्षी यांचा फोन यायचा, ईद मुबारक, आणि इकडे आमचा रोजा चालू असायचा. मी कोरड्या तोंडाने खैर मुबारक म्हणायचे. दुसऱ्या दिवशी आमची ईद असायची तेव्हा ते कामावर. एकदाही आमची ईद एका दिवशी झाली नाही, असं मी ओरडून सांगितलं. हे पूर्ण खरं नाही. दोनदा ते सुट्टी काढून आले होते.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "मी तिकडे कॅलेंडरच बघायचो गं. दुसरं काय होतं बघायला?"

तेवढ्यात कांदळाच्या पलीकडून हाक आली. एक म्हातारी बाई, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात टोपली, ओहोटीला मुळे काढायला आलेली. तिने सगळं भांडण ऐकलं असणार. ती म्हणाली, "उभी राहू नको गो बाय, रुतशील आणखी. आडवी हो. होडीवर पोट टाक नि पायांनी मागे ढकल. नवऱ्यालाही सांग."

मी सांगितलं. नवरा दोन हातांवर होता, तरी सांगितलं.

आम्ही दोघं कयाकच्या दोन्ही बाजूंनी पोटावर आडवे झालो आणि बेडकासारखे पाय मारत ती चिखलातून सरकवू लागलो. एका वेळी हातभर. ती बाई काठावरून सांगत होती, "एकदम मारा, एकदम. वेगवेगळे नका मारू." वीस-पंचवीस पावलांना तास-सव्वा तास लागला. मधेच हे हसायला लागले. मला हसू येत नव्हतं, माझ्या तोंडात चिखल गेला होता. मग आलं.

मोठ्या खाडीत उतरलो तेव्हा सूर्य गेला होता. उतरतं पाणी आम्हाला भरभर खाली नेत होतं, वल्हं मारायची फारशी गरज नव्हती. पश्चिमेला चांद होता. दोन तारखेचा, सगळ्यांना दिसेल असा. आम्ही दोघांनीही त्याच्याबद्दल काही म्हटलं नाही. काठावर सासूबाई बॅटरी घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मगरिब गेली ना?" गेली होती. कजा पढायला लागली.

त्यानंतर काय बदललं म्हणाल तर मांगरातल्या कॅलेंडरला सुतळीने एक पेन्सिल बांधली गेली. दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला, मगरिबनंतर, हे गच्चीवर जातात. रजब असो, सफर असो. मी स्वयंपाकात असले तर खालून विचारते, "दिसला?" पावसात चार महिने ढगच असतात, तेव्हा तीस पूर्ण करायचे. तसा नियमच आहे. पावसात कयाकही टांगलेलीच असते, 26 मेपासून ऑगस्ट संपेपर्यंत पाण्यावरचे खेळ बंद. तरीही जातात. आणि मीही आता नळ उलटा बसला तर त्याच दिवशी सांगते. कधी कधी सरळ बसला असला तरी सांगते, असं यांचं म्हणणं आहे.

2025 ला गुढीपाडवा 30 मार्चला आला, रविवारी. आमचा एकोणतिसावा रोजा. शेजारी गुढी उभारलेली, श्रीखंडाचा डबा आमच्या फ्रिजमध्ये इफ्तारची वाट बघत होता. कुवेतला त्याच दिवशी ईद. यांचा मोबाईल सकाळपासून वाजत होता, जुन्या मित्रांची ईद मुबारक, फोटो, व्हिडिओ. पीठ मळताना गाणाऱ्याचाही आला. यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. मोबाईल फ्रिजवर उलटा घालून ठेवला.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर खूप लोक होते. आम्ही खजूर घेऊन गेलो होतो. रोजा सोडला, आणि थोड्या वेळाने कुणीतरी पोरगा ओरडला, हात वर झाले. मला आधी दिसेना. यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून थोडं उजवीकडे वळवलं, भर किनाऱ्यावर, माझ्या विद्यार्थ्यांसमोर. मग दिसला.

घरी परतताना म्हणाले, "उद्या एक. म्हणजे दोनाची पाऊणकी, दीड. दीडला भर."

"उद्या ईद आहे. पाहुणे येणार. शीरखुर्म्याचं दूध अजून आटवायचंय."

"पाहुणे पाचनंतर येतात."

"आणि ते बूच?" होडीच्या मागच्या टोकाला पाणी काढायचं एक रबरी बूच असतं, ते आदल्या महिन्यापासून हरवलेलं होतं.

"त्याच्या जागी बाटलीचं लावलंय," हे म्हणाले. "बसतं नीट."

"बसत नाही," मी म्हटलं. "मी बघितलंय."